कुत्र्या-मांजराने धरलेली कोंबडी: वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं आणि मेसेज दोन्हीकडे एकच विषय निघाला म्हणून बाकीचे प्रश्न (खुडूक कोंबडी, पातळ कवचाची अंडी वगैरे) पुढच्या अंकावर ढकललेत. ज्यांची कोंबडी आत्ता बॉक्समध्ये पडलीय त्यांनी पहिलं उत्तर वाचावं आणि कामाला लागावं, बाकीचं रात्री वाचलं तरी चालेल.

प्रश्न: ताई, संध्याकाळी एका कुत्र्याने आमची कोंबडी तोंडात धरली, आम्ही ओरडत धावलो तेव्हा सोडून पळाला. पाठीवरची पिसं गेलीत, एक जखम दिसतेय पण रक्त फार नाही. ती डोळे मिटून कोपऱ्यात बसलीय, हलत नाही, खात नाही. चमच्याने पाणी पाजतोय पण तोंडातून बाहेर येतंय. आधी काय करायचं?

आधी तो चमचा खाली ठेवा. कोंबडीच्या जिभेच्या मागच्या टोकालाच श्वासनलिकेचं भोक असतं, उघडंच, आणि अर्धवट शुद्धीत असलेल्या कोंबडीच्या तोंडात पाणी ओतलं की ते सरळ फुफ्फुसात जातं. कुत्र्यापासून वाचलेली कोंबडी घरच्यांनी पाजलेल्या पाण्याने जाते, हे जितकं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

आत्ता ती शॉकमध्ये आहे, आणि पहिल्या काही तासांत जीव जातो तो बहुतेक वेळा शॉकने, जखमेने नाही. त्यामुळे पहिलं काम म्हणजे ऊब, अंधार आणि शांतता. एक पुठ्ठ्याचा बॉक्स घ्या, हवेला भोकं पाडा, खाली जुना टॉवेल (भुसा किंवा गवत नको, जखमेत चिकटतं), आणि घरातल्या अशा खोलीत ठेवा जिथे टीव्ही नाही, मुलं नाहीत, कुत्रं तर नाहीच नाही. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा बरंच जास्त, म्हणून आपल्याला ठीक वाटणाऱ्या खोलीत ती थंड पडत असते. बॉक्सच्या आत २७ ते ३० अंश असलेलं बरं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बॉक्सच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त झालं तर तिला सरकता येईल. ती सरकण्याच्या अवस्थेत नसेल तर तुम्ही दर थोड्या वेळाने बघा. चोच उघडी ठेवून धापा टाकतेय, पंख अंगापासून लांब धरलेत, म्हणजे गरम झालंय, बाटली काढा. बल्ब लावणार असाल तर पुठ्ठ्यापासून आणि कापडापासून लांब, नाहीतर कोंबडी वाचायची आणि घर पेटायचं. आणि डोक्याला मार लागलाय असं वाटत असेल, म्हणजे मान वाकडी, गोल गोल फिरणं, एक डोळा बंद, तर ऊब बेताचीच ठेवा, अशा वेळी जास्त गरम केलेलं चालत नाही.

रक्त वाहत असेल तर मात्र ऊब नंतर, रक्त आधी. स्वच्छ कापड घेऊन जखमेवर सलग पाच मिनिटं दाबून धरा, मधे उचलून "थांबलं का" बघू नका, तेच बघण्यात परत सुरू होतं. दोन किलोच्या कोंबडीच्या अंगात सगळं मिळून दीडशे मिलीच्या आसपास रक्त असतं, त्यामुळे "फार नाही" हे आपण माणसाच्या मापाने म्हणतो ते तिच्यासाठी फार असू शकतं. तुटलेलं नख किंवा नव्याने येणारं पीस (त्याच्या दांड्यात रक्त असतं, निळसर दिसतो) वाहत असेल तर कॉर्नफ्लोअर दाबलं तरी थांबतं. पण कॉर्नफ्लोअर फक्त तिथेच, खोल जखमेत नाही.

तास-दोन तासांनी ती डोळे उघडून मान वर धरायला लागली की वाटीत पाणी समोर ठेवा, चोचीचं टोक एकदा ओलं करा, बाकी तिचं ती पिईल. माणसांचं ओआरएस पहिला एखाद दिवस चालतं, पण पाकिटावर सांगितलंय त्यापेक्षा कमी पाण्यात घोळू नका, कोंबडीला जादा मीठ बाधतं. खाणं उद्या सकाळी: नेहमीचं खाद्य पाण्यात भिजवून मऊ, किंवा उकडलेलं अंडं कुस्करून. (हो, अंडं. सगळे विचारतात. काही होत नाही.) दूध नको.

जखम शोधायचं काम ती थोडी सावरल्यावर. आणि शोधायचं म्हणजे खरंच शोधायचं. कुत्र्याच्या जबड्याला दोन बाजू असतात, पाठीवर दात लागले असतील तर पोटाकडे किंवा छातीकडे दुसरे लागलेलेच असणार, ते पिसांखाली झाकलेले असतात. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्या, एकाने धरा, दुसऱ्याने पिसं उलट्या दिशेने सारत इंच इंच बघा, पंखांखाली, मांड्यांच्या आत, मानेभोवती, शेपटाखाली. हे करताना छाती घट्ट आवळून धरू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच श्वास जातो, त्यामुळे प्रेमाने घट्ट धरलेली कोंबडी चक्क हातात गुदमरते.

प्रश्न: मांजराने पकडली होती, लगेच सोडवली. दोन बारीक टोचल्यासारख्या खुणा आहेत, रक्तही नाही, कोंबडी मजेत फिरतेय. घरातले म्हणतात उगाच डॉक्टर कशाला. बरोबर ना?

चूक. या अंकातल्या सगळ्या पत्रांत मला सर्वात जास्त काळजी वाटली ती तुमच्या कोंबडीची, अख्खी पाठ सोलून निघालेल्या कोंबडीपेक्षाही.

मांजराचे दात बारीक आणि लांब, ते आत खोल जातात आणि बाहेरचं भोक एवढंसं, ते काही तासांत मिटून जातं. आत मात्र मांजराच्या तोंडातले जंतू सोडलेले असतात. त्यातला मुख्य पाश्चुरेला मल्टोसिडा, जो पक्ष्यांच्या रक्तात पसरायला एक ते दोन दिवस पुरेसे असतात. हाच जंतू कोंबड्यांच्या कॉलराचाही आहे. लुई पाश्चरने १८८० च्या सुमारास याच रोगावर काम करताना जंतू कमजोर करून लस बनवता येते हे दाखवलं, नावही त्याच्यावरूनच पडलं. सांगायचा मुद्दा, कोंबडीचं आणि या जंतूचं वैर जुनं आहे. आज मजेत फिरणारी परवा सकाळी खुराड्यात मरून पडलेली सापडते आणि मग लोक म्हणतात भीतीने हार्ट बंद पडलं.

तेव्हा मांजराचा दात लागलाय अशी नुसती शंका असली तरी त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे आणि अँटिबायोटिक. नख लागलं असलं तरी, कारण मांजर पंजे चाटतं. कुठलं अँटिबायोटिक आणि किती हे मी इथे लिहिणार नाही, वजन बघून डॉक्टर ठरवतील, आणि अंडी खाणाऱ्या घरात तर काही औषधं द्यायचीच नसतात. एन्रोफ्लॉक्सासिन हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, अमेरिकेत ते २००५ मध्ये कोंबड्यांसाठी बंद केलं, कारण त्याने माणसाला आजारी पाडणारे जंतू औषधाला दाद देईनासे होत होते. घरात मागच्या वेळचं उरलेलं पाकीट आहे म्हणून ते देऊ नका. डॉक्टरांना विचारायचा दुसरा प्रश्न: औषध संपल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत. ते स्वतःहून सांगतीलच असं नाही.

प्रश्न: जखम कशाने धुवायची? कोणी हायड्रोजन पेरॉक्साइड सांगतं, कोणी डेटॉल, कोणी हळद भर म्हणतं. आणि टाके घालून घ्यावे का?

मिठाचं पाणी. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात ९ ग्रॅम मीठ, बस. सुई काढलेल्या सिरिंजने धार मारून धुवा, चोळू नका, आणि भरपूर धुवा. दोन-चार थेंब टाकून पुसलं त्याला धुणं म्हणत नाहीत, जखमेतली माती, लाळ, पिसांचे तुकडे सगळं बाहेर यायला हवं. त्यानंतर पोव्हिडोन आयोडिन, पण बाटलीतलं थेट नाही, पाण्यात इतकं पातळ करायचं की रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसेल.

पेरॉक्साइड फसफसतं म्हणून काहीतरी चाललंय असं वाटतं, पण ते जंतूंबरोबर नवीन भरून येणारं मांसही जाळतं. डेटॉल आणि स्पिरिट नको. हळद, राख, कॉफी, टाल्कम, कुठलीच पूड खोल जखमेत भरू नका. पूड आणि रक्त मिळून वर घट्ट खपली धरते, खाली काय चाललंय ते दिसत नाही, आणि डॉक्टरला आधी ती खरवडून काढावी लागते, ते जास्त दुखतं.

टाक्यांचं म्हणाल तर चावलेल्या जखमा शक्यतो उघड्याच ठेवतात. बाहेरून शिवलं किंवा काही जण सुपरग्लू लावतात तसं चिकटवलं की घाण आत कोंडली जाते. त्यात पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, तो घट्ट, पनीरच्या चुऱ्याइतका कोरडा असतो, आपोआप वाहून जात नाही, डॉक्टरला तो काढावा लागतो. कातडीचा मोठा पडदा लोंबत असेल, मांस उघडं पडलं असेल तर डॉक्टर बघून ठरवतील, पण तो निर्णय त्यांचा, आणि लवकर गेलात तरच.

मलम लावायचं तर पातळ थर. सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं क्रीम बरेच डॉक्टर देतात. तेलकट, व्हॅसलिनसारखं काही थापू नका, पिसं चिकटतात आणि चिकटलेल्या पिसांनी ऊब धरत नाही. आणि मलमाच्या डबीवर शेवटी "केन" येणारं नाव असेल, बेंझोकेन, लिडोकेन वगैरे, तर ती डबी परत कपाटात. बधिर करणारी ही औषधं पक्ष्यांना फार थोड्या प्रमाणातही विषारी होऊ शकतात. डोळ्याजवळ ओरखडा असेल तर घरातले स्टेरॉइडवाले ड्रॉप्सही टाकू नका, बुबुळावरची जखम त्याने चिघळते.

जखमेभोवतीची पिसं उपटू नका, कातडी आधीच फाटलीय, ती आणखी फाटते. बोथट टोकाच्या कात्रीने कापा.

प्रश्न: पाठीची कातडी तळहाताएवढी निघालीय, आतलं लाल मांस दिसतंय. बघवत नाही. वाचेल का?

हे ऐकून बरं वाटेल, अशा जखमा दिसतात भयंकर पण कोंबडी त्यातून बऱ्याच वेळा बाहेर येते. कोंबडीची कातडी पातळ, कागदासारखी फाटते, पण भरून यायचा वेगही तसाच. ती खातेय, पाणी पितेय, शीट करतेय आणि जखम ओली-लाल-स्वच्छ आहे, वास नाही, तर धीर धरा. रोज दोनदा धुणं आणि पातळ क्रीम, जखम कोरडी करून तडकू द्यायची नाही. कडेने गुलाबी कातडी आत आत सरकताना दिसायला लागते, काही आठवडे लागतात.

रोज तीन गोष्टी बघा. पहिलं वजन, घरातल्या वजनकाट्यावर, रोज एकाच वेळी. दुसरं, गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्री हाताला भरलेली लागायला हवी आणि सकाळी रिकामी. तिसरं शीट, हिरवीगार पातळ शीट येत असेल तर बहुतेक वेळा ती पोटात काही नसल्याची खूण, म्हणजे तुमच्या समोर दाणे टिपल्याचं नाटक करतेय पण गिळत नाहीये. कोंबड्या दुखणं लपवण्यात पक्क्या असतात, कळपात अशक्त दिसणं परवडत नाही त्यांना.

उपटली गेलेली पिसं लगेच परत यायला लागतात, महिन्या-दोन महिन्यांत अंग झाकतं. अर्धी तुटलेली मात्र तशीच राहतात, पुढची पिसं गळायची वेळ येईपर्यंत.

प्रश्न: दुसऱ्या दिवशी जखमेच्या बाजूची कातडी हिरवी पडलीय! सडतेय का? पाय कापावा लागेल का?

नाही हो. तो मुका मार आहे. आपलं कसं काळंनिळं होतं आणि मग पिवळं पडतं, पक्ष्यांच्या शरीरात रक्त मोडताना जो हिरवा पदार्थ बनतो, बिलिव्हर्डिन, तो पुढे पिवळ्यात बदलणारं एन्झाइम त्यांच्याकडे जवळजवळ नसतंच, म्हणून मार हिरवा दिसतो. आठवड्याभरात फिका पडतो. सडण्याची लक्षणं वेगळी: वास, काळपट-थंड-कोरडी कातडी, तिथे स्पर्श केला तर तिला कळतच नाही. त्यातलं काही असेल तर लगेच डॉक्टर.

प्रश्न: पंखाखालची जखम लक्षातच आली नव्हती, आज बघतो तर अळ्या. रॉकेल टाकू का?

नको. रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन, फिनाइल काहीच नको, कोंबडी अळ्यांच्या आधी मरेल. गुरांच्या जखमांवर मारायच्या काही स्प्रेमध्ये कीटकनाशक असतं, ते उघड्या जखमेतून पक्ष्याच्या अंगात जातं, तेही डॉक्टरला न विचारता नको.

कोमट मिठाच्या पाण्याची धार मारत राहा, अळ्या गुदमरून वर येतात, चिमट्याने एकेक काढा, काढलेल्या साबणाच्या पाण्यात टाका. जखमेला आत बोगदे पडलेले असतात, एक अळी दिसली की मागे आणखी असतात, त्यामुळे एकदा करून भागत नाही, दर काही तासांनी परत. भोवतालची पिसं कापा, त्यात पांढरे-पिवळसर तांदळाच्या कणीपेक्षा बारीक दाणे चिकटलेले दिसतील, ती अंडी, उबदार हवेत एका दिवसाच्या आत फुटतात. शेपटाखाली पण बघा, शीट लागून ओली झालेली पिसं माशांना फार आवडतात. आणि कोंबडी आत, जाळीच्या मागे, माशी पोचणार नाही अशी ठेवा, तोपर्यंत बाकी सगळं व्यर्थ. अळ्या शेपटाखालच्या भोकातून आत किंवा पोटात गेल्या असतील तर घरी प्रयत्न करत बसू नका.

प्रश्न: दुखत असेल ना तिला, आमच्या गुडघेदुखीची अर्धी गोळी देऊ का?

नाही. त्या गोळीत डायक्लोफेनॅक असेल तर तर नाहीच. ते दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन लाखोंनी मेली. वेदना असतात आणि त्यावर उपायही हवाच, वेदनेत कोंबडी खात नाही, पण तो डॉक्टर देतात. बहुतेक मेलॉक्सिकॅम, तेही तिच्या वजनाच्या हिशोबाने. बऱ्याचदा डॉक्टर स्वतःहून देत नाहीत, तुम्ही विचारा.

प्रश्न: घार झडप घालून गेली, तेव्हापासून मानेजवळची कातडी फुग्यासारखी फुगलीय, दाबलं की चुरचुरतं.

आत हवा शिरलीय. पक्ष्यांच्या अंगात फुफ्फुसाशिवाय हवेच्या पातळ पिशव्या असतात, कोंबडीला नऊ, त्यातली एखादी नखाने फाटली की श्वासाबरोबर हवा कातडीखाली भरते. थोडी असेल आणि श्वास नीट असेल तर बऱ्याच वेळा काही दिवसांत आपोआप जिरते. वाढत चालली, चोच उघडून श्वास घेतेय किंवा तुरा जांभळा पडतोय तर डॉक्टर ती हवा काढतील. सुई घेऊन घरी टोचाटोची नको.

याच्या जोडीला एक गोष्ट, जी पुष्कळ जणांना माहीत नसते. कोंबडीचं खांद्यालगतचं, पंखाचं पहिलं मोठं हाड आतून पोकळ असतं आणि या हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. ते हाड मोडून बाहेर आलं असेल तर त्या जखमेवर पाण्याची धार अजिबात मारायची नाही, पाणी हाडातून थेट श्वसनात जाऊन ती बुडेल, अक्षरशः. ओलसर निर्जंतुक गॉझ ठेवा, पंख जसा नैसर्गिक मिटतो तसा मिटवून अंगाला सैलसर बांधा, आणि निघा. बांधताना परत तेच, छातीवरून आवळायचं नाही, पट्टीखाली बोट जायला हवं.

आणि मानेखाली जखम असून प्यायलेलं पाणी किंवा दाणे तिथून बाहेर येताना दिसत असतील तर दाण्याची पिशवी फाटलीय. ही जखम शिवावीच लागते, आतला थर वेगळा आणि बाहेरचा वेगळा. डॉक्टरकडे पोचेपर्यंत खायला देऊ नका.

प्रश्न: कुत्रा चावलेल्या कोंबडीला रेबीज होतो का? टिटॅनसचं इंजेक्शन कोंबडीला द्यायचं का?

पक्ष्यांना निसर्गात रेबीज होणं जवळजवळ ऐकिवात नाही, आणि टिटॅनसलाही कोंबड्या चांगल्याच दाद देत नाहीत, त्यामुळे तिची काळजी सोडा, तुमची करा. कुत्र्याची लाळ तिच्या पिसांवर ओली असते आणि तुम्ही उघड्या हातांनी जखम शोधत असता, बोटाला कुठेतरी कापलेलं असतं. ग्लोव्हज घाला. लाळ तुमच्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली, किंवा सोडवताना कुत्र्याने तुम्हालाच ओरखडलं, तर साबण आणि वाहत्या पाण्याने (डोळ्याला फक्त पाणी) १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे. कुत्रा ओळखीचा आहे, लाडका आहे, हे कारण चालत नाही. कोंबडीच्या नखाने ओरखडलं असेल तर स्वतःच्या टिटॅनसच्या डोसची तारीखही तपासा.

प्रश्न: आता जखम भरत आलीय, बाकीच्यांत सोडली तर सगळ्या मिळून टोचायला लागल्या. कालपर्यंत याच तिच्या मैत्रिणी होत्या!

मैत्रिणी वगैरे आपण म्हणतो. त्यांच्यात उतरंड असते, कोणी कोणाला टोचायचं याची. नॉर्वेचा प्राणिशास्त्रज्ञ शेल्डरूप-एब्बे याने कोंबड्या निरखूनच १९२१ मध्ये ती मांडली. काही दिवस गायब झालेली कोंबडी परत आली की तिची जागा भरलेली असते, त्यात तिच्या पाठीवर लाल काहीतरी दिसतंय, आणि लाल दिसलं की कोंबडी टोचते, एकदा रक्त लागलं की थांबत नाही. चांगली भरत आलेली जखम तासाभरात पूर्वीपेक्षा मोठी करून ठेवतात.

म्हणून वेगळी ठेवायची ती जमेल तेव्हापासून जाळीपलीकडे, पण त्याच आवारात, म्हणजे रोज एकमेकींना दिसत राहतील. पहिले शॉकचे दिवस संपले की एकटीला घरात बंद ठेवण्यात फायदा नाही. कातडी पूर्ण मिटल्यावर, शक्यतो पिसांचे कोंब फुटल्यावर, आधी एखादी गरीब स्वभावाची कोंबडी तिच्यासोबत जाळीच्या आत द्या, मग दोघींना मिळून बाकीच्यांत. खाण्या-पाण्याची भांडी एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी. थोडी टोचाटोची होणारच, रक्त निघेपर्यंत मधे पडू नका.

लाल झाकायला तो जांभळा स्प्रे पुष्कळ जण मारतात. त्यातल्या जांभळ्या रंगाबद्दल, म्हणजे जेन्शियन व्हायोलेटबद्दल, कॅन्सरची शंका असल्यामुळे अंडी-मांसासाठी पाळलेल्या प्राण्यांत तो वापरायला बऱ्याच देशांत परवानगी नाही. कोंबडीसाठी बनवलेलं, तो रंग नसलेलं काही मिळालं तर ते वापरा, नाहीतर जाळी हाच स्प्रे.

कोंबडा असेल तर तो तिच्या पाठीवर चढणार नाही हेही बघायचं, पाठीची जखम असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं.

प्रश्न: कधी थांबायचं? आमच्या कोंबडीचं पोट फाडलंय, आतडी दिसतायत.

तुमचं पत्र छापायला येईपर्यंत वेळ निघून गेली असणार, पण इतरांसाठी लिहिते. आतडी फाटून बाहेर, पाठीचा कणा मोडून दोन्ही पाय लुळे, श्वास धडपडत घेतेय आणि ऊब देऊनही सावरत नाही, यात तिला ताणत ठेवू नका. डॉक्टर इंजेक्शनने शांतपणे संपवू शकतात. जवळ डॉक्टर नसेल तर मान तोडणं ज्याला नीट, एका झटक्यात येतं त्यालाच बोलवा, आपण पहिल्यांदा शिकायची ही वेळ नाही. पाण्यात बुडवणं, फ्रीझरमध्ये ठेवणं हे तर कोणी करूच नये, ते हाल आहेत.

एका डोळ्याची, एका पायाने लंगडणारी कोंबडी मात्र उत्तम जगते. तेवढ्यावरून निर्णय घेऊ नका.

प्रश्न: रात्री कोण येतं ते कसं ओळखायचं? आणि जाळी तर लावलेली आहे.

साधारण अंदाज असा. कोंबडी अख्खी गायब आणि थोडी पिसं, तर कोल्हा किंवा कुत्रा, दिवसा असेल तर मोठा शिकारी पक्षी. बऱ्याच कोंबड्या मारून टाकल्यात पण खाल्ल्या नाहीत, तर बहुतेक कुत्रा, त्याला खेळ असतो. मानेला बारीक चावे आणि भिंतीला लहानसं भोक, तर मुंगसाच्या जातीचं काहीतरी. झोपेत पायाची बोटं कुरतडलेली, पिल्लं एकेक कमी होतायत, तर उंदीर-घुशी. पिल्लू गायब आणि काहीच खूण नाही तर सापही असू शकतो. पण खात्री हवी तर एक रात्र कॅमेरा लावा, माझ्यासकट सगळ्यांचे अंदाज चुकतात. आणि कुठेच जखम नसताना कोंबड्या पटापट मरत असतील तर शिकारी शोधत बसू नका, हात न लावता जनावरांच्या दवाखान्यात कळवा, तो रोग असू शकतो.

जाळी कुठली लावलीय? षट्कोनी भोकांची पातळ "कोंबडी जाळी" असेल तर ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, दाताने फाटते. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी हवी, वरूनही हवी, आणि खाली जमिनीत फूटभर पुरायची किंवा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर माती-दगड टाकायचे, उकरणारा भिंतीला लागूनच उकरतो. दाराची कडी साधी आडवी नको, स्प्रिंगची किंवा कुलूप. विष ठेवू नका, ते शिकाऱ्याच्या आधी तुमच्याच कोंबडीच्या नाहीतर मांजराच्या पोटात जातं. एकदा शिकार मिळालेला प्राणी बहुतेक करून परत येतोच, तेव्हा जाळीचं काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका, तोपर्यंत बाकीच्या कोंबड्या रात्री घरात, बाथरूममध्ये का होईना, बंद करा.